मुक्या जिवाचे आजारपण



घरातला कुत्रा गंभीर आजारी पडला की माणसे दोन दुःखे सोसतात. एक त्याच्या आजाराचे आणि दुसरे, ते बोलून दाखवायची लाज वाटते त्याचे. "कुत्राच तर आहे, दुसरा आणा," असे म्हणणारे शेजारी प्रत्येक आळीत असतात. म्हणून काही जण मिस्सानंतर हळूच येऊन विचारतात, "फादर, कुत्र्यासाठी प्रार्थना चालते का?"

चालते. कवडीमोलाने विकल्या जाणाऱ्या चिमण्यांतली एकही देव विसरत नाही, असे प्रभू येशूने आपल्याला सांगितले आहे. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला त्याचे पाप दाखवण्यासाठी एका गरिबाच्या कोकराची गोष्ट सांगितली. ते कोकरू मालकाच्या घासातले खाई आणि लेकीसारखे त्याच्या कुशीत निजे. गोष्ट ऐकून राजा संतापला. 'कोकरूच तर होते' असे त्याच्या मनातही आले नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचे तीन आत्मे पाठ करावे लागत: वनस्पतीचा, प्राण्याचा आणि माणसाचा. संत थॉमस अक्वायनस यांनी तोच धागा पुढे नेला. प्राण्याला वेदना कळते, भीती वाटते, आठवण राहते. पण 'माझे किती दिवस उरले' हा हिशेब तो मांडत नाही. हा धडा मला फार कोरडा वाटे. मग आपल्याच देहूरोडमधल्या एका घरी गेलो. बारा वर्षांच्या कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होत आली होती. घरातली आई रक्ताच्या रिपोर्टमधला क्रिॲटिनिनचा आकडा पाहून रडत होती, आणि कुत्रा दारातल्या उन्हाच्या पट्ट्यात निवांत पडला होता. पुढच्या महिन्याचे दुःख ती आज भोगत होती. तो नव्हता भोगत.

"आमचेच लक्ष नव्हते," असे ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. अशांनी एवढे जाणून घ्यावे की मूत्रपिंडांचे सुमारे तीन-चतुर्थांश काम थांबेपर्यंत हा आकडा सहसा वाढतच नाही. अपराधी वाटून घेण्यापेक्षा आज काय करता येईल ते पाहावे. ताजे पाणी, डॉक्टरांनी सांगितलेला आहार, गरज पडल्यास कातडीखाली सलाइन. ते कसे द्यायचे हे डॉक्टर घरच्यांना शिकवतात. कळवळ्यापोटी माणसांच्या गोळ्या मात्र देऊ नका. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना इजा होते, आणि पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

पैशाचेही बोलले पाहिजे. १९९२ सालचा कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ दोन्ही बाजू सांगतो: प्राण्याला विनाकारण यातना देणे माणसाला शोभत नाही, आणि माणसांच्या दैन्यासाठी आधी खर्चायला हवा तो पैसा प्राण्यावर उधळणेही शोभत नाही. चाकणला कंत्राटावर काम करणारा माणूस "मोठे ऑपरेशन परवडत नाही," म्हणाला तर त्याची माया कमी ठरत नाही. पण आजारी कुत्र्याला जुन्या महामार्गावर सोडून येणे हे पाप आहे, असे मी स्पष्टच सांगतो. जनावराला उपासमारीच्या तोंडी टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हाच आहे.

सर्वांत अवघड प्रश्न इंजेक्शनचा. माणसाच्या दयामरणाला ख्रिस्तसभेचा ठाम नकार आहे. माणूस मरणाच्या दारातही क्षमा मागू शकतो, देवाला हाक मारू शकतो, आणि त्याचे आयुष्य दुसऱ्या कोणाच्या मालकीचे नसते. जनावराच्या बाबतीत तशी मनाई नाही. त्याचा सांभाळ देवाने आपल्या हाती दिला, म्हणून हा निर्णयही आपल्यावर येतो. भुलीच्या औषधाची मोठी मात्रा दिली जाते. तो आधी झोपतो, मग हृदय थांबते. कधी द्यायचे? भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोज एक खूण करा. जेवला, उठला, तुम्हाला पाहून शेपूट हलवली, तर चांगला दिवस. वाईट दिवस जास्त होऊ लागले की डॉक्टरांशी बोला. आणि 'अजून एक महिना' मागताना तो त्याच्यासाठी मागतो आहोत की आपल्यासाठी, हे स्वतःला विचारा. शक्य असेल तर शेवटी त्याच्याजवळ बसा. तुमचा वास त्याला ओळखीचा असतो.

मुलांना "तो गावाला गेला" असे सांगू नका. ती वाट पाहत बसतात. "तो स्वर्गात भेटेल का?" असे त्यांनी विचारले, तर माझीही पंचाईत होते. संत थॉमस यांच्या मते प्राण्याचा आत्मा देहाबरोबर संपतो. पण संत पौल रोमकरांना लिहितात की सारी सृष्टी मुक्तीच्या आशेने कण्हत आहे, आणि दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात म्हटले आहे की अनंतकाळच्या जीवनात प्रत्येक जीव रूपांतरित होऊन आपापल्या जागी असेल. मी मुलांना संत पौलांचे सांगतो.

४ ऑक्टोबरला, असिसीकर संत फ्रान्सिस यांच्या सणाला, प्राण्यांना आशीर्वाद देण्याची प्रथा आहे. पार्वो किंवा डिस्टेंपर झालेल्यांना त्या गर्दीत आणू नका. रोग इतरांना लागतो. त्यांची नावे चिठ्ठीवर लिहून द्या. ज्यांना उठवत नाही, त्यांच्या घरी मी संध्याकाळी येईन. चिठ्ठीवर पत्ता आणि मजला तेवढा नीट लिहा.