किंमत, प्रतिष्ठा आणि नकार : 'माणूस'मधील नैतिक पेच

प्रभात फिल्म कंपनीचा 'माणूस' हा व्ही. शांताराम दिग्दर्शित चित्रपट १९३९ साली प्रदर्शित झाला. गणपत हा पोलीस शिपाई आणि मैना ही वेश्या यांच्यातील संबंध हा त्याचा विषय. 'देवदास'च्या आत्मनाशी प्रेमाला दिलेले जीवनवादी उत्तर, अशी त्याची ओळख समीक्षेत रूढ आहे. ती चुकीची नाही. मात्र तीत गणपत केंद्रस्थानी येतो आणि मैनेच्या कृतीला स्वतंत्र अर्थ उरत नाही. चित्रपटातील नैतिक प्रश्न मात्र तिच्याच कृतीत आहे.

कांटच्या नीतिविचारात किंमत आणि प्रतिष्ठा यांत मूलभूत भेद आहे. ज्याला किंमत असते त्याच्या जागी समतुल्य दुसरे काही ठेवता येते. ज्याला प्रतिष्ठा असते त्याला पर्याय नसतो. मराठीत मात्र 'प्रतिष्ठा' या शब्दात दोन अर्थ मिसळले आहेत : माणूसपणामुळे असणारे मोल आणि समाजाने बहाल केलेला मान. पहिली कोणी कोणाला देऊ शकत नाही. दुसरी देता येते, म्हणूनच काढूनही घेता येते. गणपतचे प्रेम निखळ आहे, परंतु तो मैनेला दुसरी प्रतिष्ठा देऊ करतो आणि ती पहिलीच आहे असे मानतो. गिऱ्हाइकागणिक भाषा बदलत गाणाऱ्या मैनेला देण्याघेण्याचा व्यवहार त्याच्याहून अधिक कळतो. पुढे तिच्यावर हक्क सांगणाऱ्या दुष्ट नातेवाइकाचा तिच्या हातून खून होतो. गणपत तिला तुरुंगातून सोडवू पाहतो, ती नकार देते. आजवर विकत घेतल्या गेलेल्या या स्त्रीचा हा नकार कोणालाही विकत घेता येत नाही.

हा पेच केवळ पडद्यावरचा नाही. नांदेड-लातूरच्या परिसरात पैसा आणि नाते यांची सरमिसळ परंपरेनेच मान्य केलेली दिसते. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या यात्रेत खंडोबाचे वाघ्या-मुरळी येतात, तमाशाचे फडही येतात. देवाशी लग्न लागलेल्या मुरळीला रूढीने मानवी विवाह नाकारला. पुरुषाचा तिच्यावरील हक्क मात्र नाकारला नाही. लावणीच्या बैठकीतील दौलतजादा धड दान नसते, धड मजुरीही नसते. किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) या आत्मकथनाच्या कर्त्याच्या नावातच वडिलांच्या जागी आई आहे. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी संरक्षण कायदा झाला, तेव्हा नांदेड आणि लातूर निजामाच्या राज्यात होते. त्या कायद्याचा अंमल तेथे नव्हता. रूढी आणि कायदा या दोहोंनी संबंधांना नावे दिली. त्या स्त्रीला 'नाही' म्हणता येते का, हा प्रश्न दोहोंच्या कक्षेबाहेर राहिला.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. भुकेपुढे नकाराचे स्वातंत्र्य पोकळ ठरते. दारिद्र्यातून दिलेली संमती ही संमतीच नव्हे. आक्षेप ग्राह्य आहे, परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष तपासायला हवा. भूक संमती पोकळ करते, तर दोष भुकेचा आणि ती निर्माण करणाऱ्या व्यवस्थेचा. स्त्रीच्या चारित्र्याचा नव्हे. शिवाय हा निकष वेश्याव्यवसायापुरता थांबत नाही. अन्नवस्त्रासाठी टिकवलेल्या विवाहालाही तो तितकाच लागू पडतो. पैशाचा स्पर्श झाला की नाते अशुद्ध आणि मंगळसूत्र आले की शुद्ध, ही विभागणी मग टिकत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिलेल्या निर्देशांत कुंटणखान्यावरील छाप्यात तेथील स्त्रियांना अटक वा छळ होऊ नये, असे म्हटले. 'माणूस'ची सुरुवातही छाप्यातच आहे : शिपाई मैनेला वाचवतो. वाचवणे चांगलेच, परंतु वाचवणाऱ्याला वाचलेल्या व्यक्तीवर हक्क प्राप्त होतो, हे उद्धाराच्या नीतीतील गृहीतक आजही ढळलेले नाही.

चित्रपटाची मर्यादा येथेच आहे. मैनेला नकाराचा अधिकार तो देतो, पण त्यासाठी तिला खून करायला लावून तुरुंगात धाडतो. मुक्त स्त्रीचा नकार १९३९ च्या कथनाला पेलवला नाही. तो आजच्या कथनांना पेलवतो का, हे नायकाच्या औदार्यावरून ठरणार नाही. औदार्य नाकारूनही नायिकेला मोकळ्या जगात जगता येते का, यावरून ते ठरेल.