कालचे आकडे कोणाचे?

शेअर बाजाराचे आलेख दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणारी चार माणसं एकत्र आली, की बाजारापेक्षा त्या सॉफ्टवेअरलाच जास्त शिव्या बसतात. मागितलेली सोय दोन-दोन वर्षं येत नाही, न मागितलेली रातोरात येते. नवी आवृत्ती घेतली की जुनी सेटिंग्ज उडतात. सव्वानऊला बाजार उघडतो आणि नेमका तेव्हाच डेटा अडकतो. मीही बरीच वर्षं असं एक सॉफ्टवेअर वर्गणी भरून वापरतो, त्यामुळे या शिव्यांमध्ये माझाही वाटा असतो. पण या सगळ्या तक्रारी एका तागडीत घालता येत नाहीत. काहींमागे नुसती गैरसोय असते, काहींमागे हाव असते आणि एका तक्रारीमागे मात्र खरा नैतिक प्रश्न असतो.

आधी हावेबद्दल. ‘सिग्नल चुकला’ ही सर्वांत लाडकी तक्रार. आरएसआय हा निर्देशक जे. वेल्स वाइल्डर यांनी १९७८ साली मांडला. ठरावीक दिवसांतली, सहसा १४, सरासरी वाढ आणि सरासरी घट यांची तुलना करून तो शून्य ते शंभरमधला एक आकडा देतो. होऊन गेलेल्या भावांचा तो हिशेब आहे. उद्याबद्दल त्याच्या पोटात काहीही नाही. सेबीने सप्टेंबर २०२४मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले आणि त्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त होता. एवढ्या तोट्याचं खापर कुणाच्या तरी डोक्यावर फोडावंसं वाटणारच. बाजाराला डोकं नाही, सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला आहे. पण उद्याचं माहीत नसणं हा त्याचा दोष नव्हे.

आता दुसरी तक्रार. बाजार बंद झाल्यावर मी काही निवडक शेअर्सचा आरएसआय वहीत लिहून ठेवतो. एखादा शेअर का घेतला, का विकला, याचं कारण शेजारी एका ओळीत. एका नव्या आवृत्तीनंतर वहीतले आणि पडद्यावरचे आकडे जुळेनात. वहीत २९, तर पडद्यावर त्याच तारखेला ३३. ‘तीसच्या खाली गेला म्हणून घेतला’ असं मी लिहिलेलं, आणि आलेखात तो शेअर तीसच्या खाली कधी गेलेलाच नाही! विचारणा केल्यावर कळलं, की सरासरी काढायची पद्धत बदलली होती. आधी साधी सरासरी होती, आता वाइल्डरची, म्हणजे जुन्या दिवसांचा प्रभाव हळूहळू ओसरत जाणारी. ‘नवी पद्धत जास्त बरोबर आहे,’ असं उत्तर आलं. ते खोटंही नव्हतं. तरीही मला ते पटलं नाही.

कारण एखादा निर्णय शहाणपणाचा होता की मूर्खपणाचा, हे ठरवायचं तर तो घेताना समोर काय होतं, ते माहीत असावं लागतं. ते पुसलं गेलं की उरतो फक्त नफा किंवा तोटा, आणि नुसत्या नफ्यातोट्यावरून माणूस काही शिकत नाही.

हेच पुसणं जाणूनबुजून केलं तर त्याचा धंदाही होतो. समजा, ५ टक्क्यांचा झिगझॅग लावला. भाव १२०वरून १००पर्यंत उतरला आणि मग १०५ झाला. आता कुठे झिगझॅगला कळतं, की १०० हा तळ होता. मग तो मागे जाऊन १००वर वळण दाखवतो. त्या वळणावर खरेदीचा हिरवा बाण काढला, की जुना आलेख बघणाऱ्याला वाटतं, हे यंत्र दर वेळी तळाला खरेदी करतं. भाव १०० होता त्या दिवशी तिथे बाण नव्हता, हे त्याला कोण सांगणार?

यावर एक आक्षेप रास्त आहे. मागचे आकडे कधीकधी बदलावेच लागतात. एकास एक बोनस दिला की दोन हजारांचा शेअर हजारावर येतो. मागचे भाव निम्मे केले नाहीत, तर आलेखात नसलेली घसरण दिसते. म्हणजे बदल हाच गुन्हा नाही. न सांगता केलेला बदल हा गुन्हा आहे.

आपल्याकडच्या रोजकीर्दीला हे फार पूर्वीपासून माहीत आहे. चुकलेली नोंद खोडायची नाही. तिची उलट नोंद करायची, म्हणजे चूकही दिसते आणि दुरुस्तीही. कायद्यानेही तेच केलं. १ एप्रिल २०२३पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची तारखेसह नोंद राहणं सक्तीचं आहे आणि ती नोंद बंद करता येता कामा नये. ज्या आलेखांवर लोक घरातली शिल्लक लावतात, त्यांना मात्र अशी शिस्त नाही.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांची बाजूही मला दिसते. बऱ्याचदा दोन-तीन माणसांचा कारभार असतो. एक्स्चेंजचे नियम बदलत राहतात, एकदा पैसे भरलेला माणूस जन्मभर सेवा मागतो, आणि प्रामाणिक आलेखापेक्षा तळावरच्या बाणाला गिऱ्हाईक जास्त. म्हणून सोय उशिरा आली, बटणांची जागा बदलली, तर मी कुरकुर करून गप्प बसतो. माझी मागणी एवढीच आहे: पद्धत बदलली तर कधी आणि का, ते लिहा, जुनी पद्धत निवडायची सोय ठेवा आणि त्या दिवशी न दिसलेला बाण मागाहून काढू नका. याला नवं तंत्रज्ञान लागत नाही, आणि हे मागणाऱ्याला हावरट म्हणता येणार नाही.