माळेचे मोल

श्रींच्या दर्शनास आपण लेकराबाळांसह येता. दर्शन घडते, प्रसाद होतो आणि परतीच्या वाटेवर बाजारपेठेत मुलांची पावले हमखास घुटमळतात. वडीलधारी मंडळी तेव्हा बहुधा घाईत असतात. परंतु मुलाच्या हाती पैसा यावा, त्याची निवड चुकावी आणि ती चूक त्याची त्यालाच निस्तरावी लागावी, ही घटका मोठ्या भाग्याची असते. माझ्या वाट्याला ती आली होती, म्हणून हे निवेदन.

सन १९६८. माझे वय दहा वर्षांचे. सोलापूर जिल्ह्यातील आमच्या गावाहून वडिलांसमवेत कार्तिकी एकादशीस पंढरपुरी निघालो, तेव्हा शेजारच्या वृद्ध आजींनी मला हाक मारली. गुडघ्यांमुळे त्यांची वारी अंतरली होती. पदराच्या गाठीतून दोन रुपयांची नोट काढून त्या म्हणाल्या, "बाळा, मला तुळशीची जपमाळ आण. चांगली बघून आण हो." ती नोट त्यांनी वडिलांकडे न देता माझ्या हाती दिली, याचा मला कोण अभिमान वाटला!

दर्शन झाले. दुकानात माळ पाहिली, ती फिकट व काहीशी ओबडधोबड. मोल पुरते दोन रुपये. पुढे रस्त्याच्या कडेला एक फेरीवाला काळसर, तुळतुळीत माळा बारा आण्यांना विकत होता. मला स्वतःच्या चातुर्याचे कौतुक वाटले. माळ घेतली. उरलेल्या सव्वा रुपयाची शिट्टी आली, पेढे आले. घरी परतल्यावर आजींनी विचारले, "केवढ्याला रे मिळाली?" मी म्हणालो, "दोन रुपयांना."

दुसऱ्या दिवशी स्नान करून ओल्या हातांनी त्या जपास बसल्या आणि माळेचा रंग बोटांवर, पांढऱ्या पातळावर उतरला. त्यांनी मला बोलावून घेतले. रागावल्या मात्र नाहीत. म्हणाल्या, "फसवलं रे लेकरा तुला त्या माणसानं. दोन रुपये गेले तर गेले, तू मनाला लावून घेऊ नकोस." त्या सांत्वनाने मला जेवण गेले नाही. माळ खोटी निघाली, हा विकणाऱ्याचा दोष; किंमत खोटी सांगितली, हा माझा. पहिल्या दोषाआड दुसरा लपविणे किती सोपे होते! मोठी माणसेही जन्मभर हेच करीत असतात.

रात्री सर्व सांगून टाकले. वडिलांनी तत्काळ खिशातून दोन रुपये काढले. आजोबांनी त्यांचा हात धरला. "पैसे तू भरशील, पण सांगायला कोण जाणार?"

सकाळी मी गेलो. आजींनी ऐकून घेतले, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मग सव्वा रुपया तुझ्याकडे येणं आहे. बारा आणे बुडाले ते माझे." आजोबांना हा हिशेब मान्य झाला नाही. 'चांगली बघून आण' असे सांगितले असता जो स्वस्त पाहून आणतो, त्याच्याकडे पुरते दोन रुपये येणे निघतात, असे त्यांचे म्हणणे पडले. ते मला तेव्हा फार कठोर वाटले. आज तसे वाटत नाही.

येथे श्रीएकनाथ महाराजांचे स्मरण होते. पैठणचा हा बालक देवगिरीस जनार्दनस्वामींच्या सेवेत राहिला. स्वामी किल्ल्याचे अधिकारी; त्यांनी हिशेबाचे काम नाथांकडे सोपविले. एकदा एका पैचा मेळ बसेना. नाथ रात्रभर दिव्यापाशी वह्या तपासत बसले आणि चूक सापडताच आनंदाने त्यांनी टाळी वाजविली, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. स्वामी म्हणाले, एका पैच्या शोधात एवढे चित्त लागते, तर हेच चित्त भगवंताकडे लाव. कीर्तनात पुष्कळदा या उपदेशावर भर देतात, तो योग्यच आहे. मला मात्र त्या टाळीचे नवल वाटते. पै स्वतःच्या खिशातून टाकून वही मिटविता आली असती. नाथांना पै भरून काढायची नव्हती. चूक कोठे झाली ते पाहायचे होते.

'विश्वस्त' हा शब्द आपण देवस्थानाच्या कारभाऱ्यांसाठी योजतो. ज्याच्यावर विश्वास ठेवला तो विश्वस्त. दानपेटीत आपण टाकलेल्या रुपयाचा हिशेब कायद्याने तपासून घ्यावा लागतो, तो याच न्यायाने. दोन रुपयांची नोट हाती आली त्या क्षणी दहा वर्षांचा तो पोरही विश्वस्तच झाला होता. आता मोबाईलवरून एका बोटाने खरेदी होते. नोट मोडलेली मुलाला दिसतही नाही. म्हणून यात्रेत तरी पूजेचे ताट त्याला स्वतः घेऊ द्यावे, उरलेले पैसे त्याच्याकडून मोजून घ्यावेत.

असो. त्या हंगामात मी सुट्टीच्या दिवशी भुईमुगाच्या शेंगा तोडावयास गेलो आणि दोन रुपये जमविले. पुढच्या आषाढीस पंढरपुरी पोहोचताच प्रथम माळ घेण्यास निघालो. तेथे काशीकापडी समाजातील कुटुंबे तुळशीच्या माळा करण्याचे काम परंपरेने करीत आली आहेत. अशाच एका घराच्या ओटीवर मी बराच वेळ बसून राहिलो. वाळलेल्या तुळशीची काडी कापायची, तुकड्याला भोक पाडायचे, घासून मणी करायचा, मग दुसरा घ्यायचा. एवढ्या खटाटोपाची वस्तू बारा आण्यांना कशी मिळेल, हे मला कोणी समजावून सांगावे लागले नाही.

माळ आजींच्या हाती दिली. त्यांनी ती पाण्यात बुडविली, बोटे पाहिली, वास घेतला. नंतर माझ्यासमोरच एकेक मणी मोजू लागल्या. माझ्यावर अजून विश्वास नाही की काय, या विचाराने मी हिरमुसलो, पण जाववेना. मोजून होईपर्यंत उंबऱ्याशी उभा राहिलो. मणी १०८ भरले. आजींनी माळ कपाळाला लावली आणि मला आत बोलावून हातावर गूळ ठेवला.