पुढच्या ओळीतला पाऊस

भंडारा जिल्ह्यात सानगडीला मामांच्या घरी ओसरीवरच्या कोनाड्यात पावसाची एक वही असे. पावसाळ्यात सकाळी साडेआठ झाले की मामा अंगणातल्या पर्जन्यमापकातली बाटली उचलत, पाणी काचेच्या मापात ओतत, माप डोळ्यांच्या पातळीवर धरून क्षणभर श्वास रोखत आणि त्या दिवसाच्या तारखेपुढे आकडा लिहीत. हवामान खात्याची रीत हीच: सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांचा पाऊस मोजणीच्या दिवसाच्या नावावर जातो. शेजारच्या एका शेतकऱ्याने एकदा विचारले, “रातचा पाणी आजच्या तारखेत काऊन लिवता जी?” मामा म्हणाले, “मोजू तवाच लिवाचा.” काल संध्याकाळी ज्याने आम्हांला बांधीच्या, म्हणजे भातखाचराच्या, धुऱ्यावरून भिजत पळायला लावले होते तो पाऊस कालच्या ओळीत नसायचाच, तो पुढच्या ओळीत सापडायचा. घडणे आणि नोंदले जाणे यांच्यामध्ये एक रात्र असते, हे मला प्रथम त्या वहीने शिकवले.

पुढे ती वही मी संगणकात उतरवली. रोवणीच्या, म्हणजे भाताच्या लावणीच्या, नोंदी ज्या त्या दिवशीच्या, पाऊस मात्र एका ओळीने खाली; दोन्ही शेजारी बसवायचे तर प्रत्येक दिवसाला उद्याच्या ओळीतला आकडा हवा. स्टाटा या आकडेवारीच्या संगणक-प्रणालीत ओळीच्या क्रमांकात एक मिळवला की तो हाती येतो, आर या भाषेत त्यासाठी ‘लीड’ नावाचे साधन आहे. पण मी ज्या सॅस या प्रणालीवर वाढलो, तिच्या डेटा स्टेपमध्ये, म्हणजे तक्ता घडवणाऱ्या भागात, मागे पाहणारा ‘लॅग’ आहे, पुढे पाहणारा त्याचा जोडीदार नाही. कारण साधे आहे: तिथे तक्ता एकेक ओळ करून वाचला जातो, हातातली ओळ संपेपर्यंत पुढची उघडलेलीच नसते. आणि लॅगही वाटतो तितका सरळ नाही. तो ‘मागची ओळ’ देत नाही. मागच्या वेळी त्याला हाक मारली तेव्हा त्याच्या हाती जे ठेवले होते, ते परत करतो. एखाद्या अटीच्या आड त्याला अधूनमधूनच हाक मारली, तर तो कालचे म्हणून कधीचे काय पुढे करील याचा नेम नाही. आपली स्मृती तरी याहून वेगळी कुठे आहे? आठवतो तो आपला काल नसतो. मागच्या खेपेला आठवताना जे जपून ठेवले होते, तेच पुन्हा ओंजळीत येते.

मग पुढची ओळ आणायची कशी? जाणत्यांनी दोन वाटा काढल्या आहेत. एक, सारा तक्ता उलटा लावायचा, शेवटचा दिवस वर आणि पहिला तळाशी, की भविष्य आपोआप भूतकाळ होऊन बसते. दुसरी अधिक देखणी: त्याच तक्त्याची दुसरी प्रत घ्यायची, ती दुसऱ्या ओळीपासून वाचायची आणि मूळ प्रतीशेजारी ठेवायची, एक ओळ सरकलेली ती प्रत मग प्रत्येक दिवसाच्या कानात त्याचा उद्या सांगत जाते. हे करताना मला वैयाकरण आठवले. पाणिनीच्या सूत्रांत मागच्या सूत्रातले पद न उच्चारता पुढच्यात उतरते, ती अनुवृत्ती. मधली सूत्रे बेडकासारखी ओलांडून जाते, ती मंडूकप्लुती. आणि क्वचित पुढच्या सूत्रातले पद मागे ओढून आणावे लागते, त्याला म्हणतात अपकर्ष. काशीनाथ वासुदेव अभ्यंकरांच्या १९६१च्या व्याकरणकोशात हा अर्थ नोंदलेला आहे. पण आपल्या रोजच्या मराठीत अपकर्ष म्हणजे ऱ्हास, उत्कर्षाच्या उलट. भविष्यातले मागे ओढणे आणि खाली घसरणे यांना एकच शब्द मिळावा, हा योगायोगच असेल. पण काही योगायोग शब्दांपेक्षा शहाणे असतात.

कारण उद्याची ओळ आजच्या शेजारी ठेवली की एक सूक्ष्म अन्याय सुरू होतो. वहीत एका वर्षी पऱ्हे, म्हणजे भाताची रोपे, टाकल्याच्या नोंदीखाली कितीतरी दिवस कोरडे शून्य आहे. मी ते पडद्यावर पाहिले आणि मनात म्हटले, मामांनी घाई केली. पण मी पाहत होतो तो सरकवलेला तक्ता, मामा उभे होते ते फक्त त्यांच्या ओळीवर. अनुमानाच्या शास्त्रात, जे तेव्हा माहीत असणे शक्यच नव्हते ते हिशेबात शिरू देणे हा मोठा दोष मानतात. इतिहास लिहिताना आणि आईवडिलांचे निर्णय तोलताना मात्र तोच दोष आपण शहाणपण म्हणून मिरवतो. महसूल खात्याची पैसेवारी, म्हणजे पीक रुपयात किती पैसे आले याचा अंदाज, या बाबतीत अधिक नम्र आहे: आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. पीक पन्नास पैशांच्या वर की खाली, हे एका दमात ठरवायचे नाही, हे तिला ठाऊक आहे. तिची प्रत्येक ओळ पुढच्या ओळीकडून दुरुस्त व्हायला तयार असते.

आणि तरीही पुढे पाहणारी माणसे या मातीत होऊन गेली. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, १९५०चा कायदा झाला, तलाव सरकारी दप्तरात ‘माजी मालगुजारी’ झाले आणि लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’. ते बांधणाऱ्या कोहळी समाजाने ज्या जागा हेरून पाळ, म्हणजे तलावाचा बांध, बांधली, त्या हेरताना त्यांच्या हाती उद्याचा एकही आकडा नव्हता. पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरते, ते मागच्या ओळीचे ऋण. पण सलंग, म्हणजे जादा पाण्याचा सांडवा, कुठे ठेवायचा, किती पाण्याला वाट द्यायची, हे ठरवणे म्हणजे न उघडलेल्या ओळीसाठी जागा राखणे. दूरदृष्टी म्हणजे पुढचे दिसणे नव्हेच. न दिसणाऱ्याला सामावेल एवढी पोकळी आज ठेवणे.

सरकवलेल्या तक्त्याची शेवटची ओळ नेहमी उणी राहते. तिला उद्या नसतो. संगणक तिथे एक टिंब ठेवतो. हे टिंब म्हणजे शून्य नव्हे: शून्य म्हणजे पाऊस पडला नाही, टिंब म्हणजे आपल्याला माहीत नाही. गंमत अशी, की तुलनेची वेळ आली की सॅस या टिंबाला सर्व संख्यांहून लहान मानतो आणि स्टाटा सर्व संख्यांहून मोठे. अज्ञातापुढे माणसांच्याही याच दोन जाती. कुणाला ते सर्वांत भयाण वाटते, कुणाला सर्वांत विपुल.

मामांच्या वहीचे शेवटचे लिहिलेले पान मी पुष्कळदा उघडतो. तारखा त्यांनी महिनाअखेरपर्यंत आधीच घालून ठेवल्या होत्या; आकडे मध्येच थांबतात. अखेरच्या आकड्यासमोर त्यांच्या अक्षरात एवढेच आहे: ‘उद्या रोवणी.’ त्या संध्याकाळी सानगडीत पाऊस पडला की नाही, हे पुढच्या ओळीने सांगायचे होते, आणि ती मोजायला कुणी उठले नाही. पडद्यावर तिथे टिंब आहे. ते लहान मानावे की मोठे, हे मी अजून ठरवलेले नाही. मामांनी मात्र ते न मोजताच रोवणी ठरवली होती.