आधी आकडा, मग बटण

समंतभद्राचार्यांनी रत्नकरंडक श्रावकाचारात गृहस्थाला काही कामं विनाकारण करू नका म्हणून बजावलं आहे. जमीन खणणं, पाणी उडवणं, अग्नी पेटवणं, वारा घालणं, झाडझाडोरा तोडणं. याला प्रमादचर्या म्हणतात, अनर्थदंडाच्या, म्हणजे विनाकारण केलेल्या हिंसेच्या, पाच प्रकारांपैकी एक. मी सांगलीच्या शाळेत फिजिक्स शिकवलं, आणि जैन बस्तीतल्या बायकांच्या स्वाध्यायात हा ग्रंथ वाचत आले. ही पाचही कामं विजेच्या एका बटणामागे एकत्र उभी असतात, हे मला घरात वीज मोजायचं यंत्र बसल्यावर स्पष्ट दिसलं.

यंत्र साधं आहे. मेन बोर्डातल्या फेजच्या वायरभोवती वायरमन एक कडं अडकवतो. वायरमधून प्रवाह गेला की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, त्यावरून ते प्रवाह ओळखतं आणि किती वॅट चालू आहेत ते मोबाईलवर दाखवतं. मुलानं ते लाईट बिल आवरावं म्हणून बसवून दिलं. गीझर लावला की आकडा दोन हजारांनी उडी मारतो, जुना पंखा पंच्याहत्तर मागतो. पण मला खिळवून ठेवलं ते रात्रीच्या आकड्यानं. घर झोपलेलं, फ्रीजही थांबलेला, सासूबाईंच्या खोलीतला एक दिवा तेवढा चालू, तरी आकडा त्या दिव्याएवढा खाली येत नाही. टीव्ही बंद असतो, त्याचा सेट-टॉप बॉक्स जागा असतो. मायक्रोवेव्हचं घड्याळ कुणी पाहत नसताना वेळ दाखवत असतं.

बारा वॅटचा सेट-टॉप बॉक्स अहोरात्र जोडलेला राहिला, तर महिन्याला साडेआठ युनिटांच्या वर जातो. बिलात त्याची रक्कम कुणाच्या डोळ्यांत भरणार नाही. पण ती वीज कोळशाची धरली, तर युनिटमागे साधारण सातशे ग्रॅम कोळसा जळतो; म्हणजे महिन्याला सहा किलो. तोही कुणी न पाहिलेल्या टीव्हीसाठी.

ग्रीडमध्ये कोयनेचं पाणीही आहे आणि सूर्याची वीजही आहे. तरी महाराष्ट्राच्या विजेचा मोठा भार अजून कोळशावरच आहे. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र 2920 मेगावॅटचं. त्याच्या आसपास दुर्गापूर, पद्मापूरच्या उघड्या खाणी. तिथे जमीन खणली जाते, इरई धरणाचं पाणी उपसलं जातं, बॉयलरमध्ये अग्नी पेटतो, धूर आणि राख वाऱ्यावर जाते, खाणीसाठी झाडं पडतात. आचार्यांनी सांगितलेली पाचही कामं तिथे रोज चालू आहेत. आपल्या घरात फक्त सेट-टॉप बॉक्सचा एक लाल ठिपका दिसतो.

विजेत अग्निकायिक, म्हणजे अग्नी हेच शरीर असलेले, जीव आहेत की नाहीत, हा आपल्याकडे जुना वाद आहे. काही साधू म्हणून माईकसुद्धा वापरत नाहीत. तेरापंथाचे आचार्य महाप्रज्ञ विजेला निर्जीव पुद्गल मानत. मला या वादात इथे पडायचं नाही, कारण बल्बमधली वीज निर्जीव ठरली तरी बॉयलरमधला अग्नी अग्नीच आहे. आणि हिंसा कृत, कारित, अनुमोदित अशा तिन्ही वाटांनी लागते, हे लहान मुलांच्या पाठशाळेतही शिकवतात. आई चुलीत लाकूड घालण्याआधी ते आपटून किडामुंगी झाडून घेई. आग तिच्या हातातली होती. आपली आग आपण दुसऱ्याकडून लावून घेतो. या यंत्राचं मोल मला इथे वाटतं: जे करवून घेतलं, त्याचा निदान माग तरी लागतो.

मात्र मोजणं म्हणजे व्रत नव्हे. बिल कमी झालं आणि वाचलेल्या पैशात दुसऱ्या खोलीला एसी घेतला, तर ती काटकसर. चांगली गोष्ट, पण तिथेच संपणारी. भोगोपभोग परिमाण व्रतात मर्यादा आधी ठरते, भोग नंतर येतो. समंतभद्राचार्यांनी मुदतीही दिल्या आहेत: आजचा दिवस, रात्र, पंधरवडा, महिना, ऋतू, अयन. मुदतीचा तो नियम, जन्मभराचा तो यम. यंत्र खर्च झाल्यावर आकडा सांगतं. आधीचा आकडा माणसालाच सांगावा लागतो.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. यंत्र सगळ्या घराचं मोजतं, व्रत मात्र एकेकाचं असतं. माझ्या सासूबाई नव्वदीच्या पुढे आहेत. रात्री उठताना तोल जाऊ नये म्हणून त्यांच्या खोलीत दिवा लागतो, आंघोळीला कढत पाणी लागतं. पुण्यातून मुलगा मोबाईलवर पाहून विचारतो, “आई, रात्रभर आकडा चढलेला का?” मी त्याला सांगितलं, “आजीच्या खोलीतला दिवा अनर्थ नाही रे, त्याला अर्थ आहे. तू तुझ्या घरचा आकडा बघ.” दुसऱ्याच्या गरजेवर पाळत ठेवून आपलं पुण्य वाढत नाही, उलट घरात क्रोधाचा कषाय वाढतो. तो अग्नी कुठल्याच यंत्रावर दिसत नाही.

चातुर्मासात मुनिमहाराजांसमोर आपण रात्री न जेवण्याचा, अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी न खाण्याचा नियम घेतो. यंदा त्याच्या जोडीला विजेचाही एक घ्या. स्वतःपुरता घ्या, महिन्याची मुदत ठेवा, आकडा पहिल्याच दिवशी लिहून काढा. यंत्र नसलं तरी दाराबाहेरचा मीटर आहेच.