ओसरीवरचे भजन

भक्तहो, दत्तजयंतीला मोठा मांडव, लाऊडस्पीकर, नामवंत गवई, सगळे हवेच. पण गुरुवारी कुणाच्या तरी ओसरीवर एक पेटी, एक तबला, दोन टाळ आणि दहा माणसे जमतात, त्याची गोडी निराळी.

गेल्या साली असेच बसलो होतो. टेंबे स्वामींची करुणात्रिपदी चालली होती. नरसोबाच्या वाडीला पालखीच्या वेळी म्हणतात तीच तीन पदे. आमच्यातले एक आजोबा पत्नी गेल्यापासून भजनाला येत नव्हते. त्या दिवशी आले. दुसऱ्या पदाला त्यांचा गळा दाटून आला, शब्द फुटेना. शेजारच्याने टाळ हळू केला, पेटीवाल्याने सूर मंद धरला, अन् सगळ्यांनी मिळून ते पद पुढे नेले. तिसऱ्या पदाला आजोबा पुन्हा म्हणू लागले.

मोठ्या मांडवात हे कुणाला कळले असते? तिथे आपण ऐकणारे. इथे शेजाऱ्याचा हुंदकाही ऐकू येतो, आणि महाराजांना आळवायचे ते याच गळ्याने.

म्हणून सांगतो, आवाज फाटला, मुले परगावी गेली, तरी घरचे भजन मोडू नका. येत्या गुरुवारी आळीतल्या चौघांना हाक मारा. चुकलेला सूर महाराज सांभाळून घेतील.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥