बघू पुढच्या महिन्यात

“दिवाळी झाली की आईच्या तपासण्या करून घेऊ.” असं म्हणणाऱ्या घरात माया कमी नसते आणि अज्ञानही नसतं. पण पैसे, रजा, रांग आणि सुई हे सारं आज सोसायचं असतं. लाभ मात्र पुढे कधीतरी, तोही न झालेल्या आजाराच्या रूपात, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा. पुढच्या महिन्यात जाऊ, हा निश्चय अगदी प्रामाणिक असतो. तो महिना उजाडला की त्याचाही ‘आज’ होतो.

लसीकरणातही हीच चालढकल दिसते. राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यात अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सेवा मंदिर’ या संस्थेबरोबर १३४ गावांत केलेला प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. लसी पूर्ण करायच्या तर बाळाला घेऊन पाच खेपा घालाव्या लागत. नेहमीच्या सोयीवर सोडलेल्या गावांत पूर्ण लसीकरण झालेली मुलं ६ टक्के निघाली. दर महिन्याला न चुकता शिबिर भरू लागलं तिथे १८ टक्के. शिबिराच्या जोडीला दर खेपेला एक किलो डाळ आणि शेवटी ताटांचा संच मिळू लागला तिथे ३९ टक्के! लसीला मनापासून विरोध असता, तर किलोभर डाळीसाठी कोणी पोटचं पोर पुढे केलं नसतं. अडत होतं ते बरंचसं ‘आज’पाशी. शिवाय डाळ वाटूनही पूर्ण लसीकरण झालेल्या प्रत्येक मुलामागचा खर्च नुसत्या शिबिराच्या जवळजवळ निम्मा झाला, कारण परिचारिका दिवसभर बसणारच होती. आता तिच्यापुढे मुलं जास्त आली.

असाच छोटा आधार दुसरीकडेही पुरला: केनियात पास्कलीन ड्युपा आणि जोनाथन रॉबिन्सन या अर्थतज्ज्ञांनी लोकांना पैसे साठवायला कुलपाची साधी पत्र्याची पेटी दिली, तेवढ्यानेही आजार टाळणाऱ्या वस्तूंवरचा खर्च वाढला.

डाळीला लाच म्हणणारे भेटतात. मला ते मान्य नाही. शहरात नळाला पाणी येतं ते क्लोरीन घालूनच. आयोडीन मिठातच घातलेलं असतं. त्यासाठी आपल्याला रोज सकाळी मनाचा निग्रह करावा लागत नाही. जी बाई दिवसाची मजुरी बुडवून, रात्री बाळाला ताप येऊ शकतो हे ठाऊक असताना त्याला सुईपुढे नेते, तिला एवढाही आधार द्यायचा नाही आणि वर तिलाच बेफिकीर ठरवायचं, हा अन्याय आहे. लसीकरणाची आखणी ज्यांच्या हाती आहे, त्यांनी जनजागृतीच्या फलकांवरचा थोडा पैसा डाळीकडे वळवावा.